वॉर्ड नंबर दोन लाल झाला

साळुंखेबाईंच्या कपाळावर घाम फुटला आणि खुर्चीने व्यायाम थांबवला.

टेबलावरच्या लाकडी ठोकळ्यापर्यंत पोचायला उजव्या हाताला चार बोटांचं अंतर उरलं होतं. बोटं थरथरत होती, खांद्यातून कळ येत होती, बाईंनी खालचा ओठ दातांत धरला होता. तेवढ्यात हाताखालची मऊ पट्टी वर आली, तिने हात अलगद उचलून मांडीवर ठेवला आणि छतातून बासरी वाजू लागली.

"छान प्रयत्न," खुर्ची म्हणाली. "आता आपण विश्रांती घेऊ."

"आपण कोण? तू कुठं दमलीस भवाने?"

बाईंची जीभ अजून जड होती. साधे शब्द घसरायचे, शिवी मात्र स्वच्छ यायची. शेजारी उभ्या असलेल्या प्रणोती वाघमारेने हसू दाबलं. ती इथली फिजिओथेरपिस्ट.

"बाई, तुमचा तोषांक अडतीसवर आला. चाळीसच्या खाली गेला की खुर्ची आपोआप थांबते. ते माझ्या हातात नाही."

"मग तुझ्या हातात काय आहे?"

प्रणोतीने बासरीचा आवाज तेवढा कमी केला.

हेमलता साळुंखे म्हणजे कराडच्या मुलींच्या शाळेतल्या कबड्डीच्या बाई. शिट्टी न वाजवता मैदान गप्प करणाऱ्या. २०४०च्या दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. तो उचलायला त्या वाकल्या आणि उठल्याच नाहीत. मेंदूच्या डाव्या भागातली एक रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. जीव वाचला. एकुलती मुलगी केतकी पुण्याहून धावत आली आणि तिने जिल्ह्यातलं सगळ्यात वरच्या श्रेणीचं ठिकाण शोधलं. कराडबाहेरचं 'सुखस्थान' शुश्रूषा आणि पुनर्वसन केंद्र. श्रेणी अ.

ही श्रेणी कुणी माणूस येऊन देत नसे. ती तोषांकावरून ठरायची.

कानामागे चिकटवलेली नखाएवढी पट्टी तीन गोष्टी मोजत असे. घामातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आल्यावर शरीर सोडतं ते संप्रेरक. त्वचेतून किती वीज वाहते ते, कारण घाबरलेल्या माणसाची त्वचा दमट होते. आणि हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं ते. निवांत माणसात हे अंतर सैलपणे कमीजास्त होतं, धास्तावलेल्यात ते एकसारखं होतं. तिन्हींचा मेळ घालून शून्य ते शंभरमधला एक आकडा निघे. सत्तरच्या वर हिरवा, चाळीसच्या खाली लाल, मधला पिवळा. नातेवाइकांना तो फोनवर दिसे, मूल्यांकन मंडळाला त्यांच्या पडद्यावर.

शोध वाईट नव्हता. त्याआधीची केंद्रं ज्यांनी पाहिली होती त्यांना हे ठाऊक होतं. तपासणीच्या दिवशी नव्या चादरी, तपासनिसांना काजूची बशी आणि मागच्या खोलीत पाठीला जखमा होऊन पडलेली माणसं. ज्याची वाचा गेली आहे तो तक्रार कशी करणार? तोषांकाने त्या मुक्या माणसांना वाचा दिली. कुणाला कूस बदलून हवी, कुणाचं दुखतंय, कुणाला परिचारिकेची भीती वाटते, सगळं दिसू लागलं. दोन-तीन वर्षांत अंथरुणातल्या जखमा जवळजवळ बंद झाल्या.

पण शाळेत ज्याचे गुण मिळतात तेवढाच धडा शिकवला जातो. इथे गुण शांततेचे होते. केंद्रांनी शांतता शिकून घेतली. पलंग शिकले, दिवे शिकले, खुर्च्या शिकल्या. कुणाला कशाने बरं वाटतं याची नोंद यंत्रं ठेवत गेली आणि जे दुखतं, चिडवतं, दमवतं ते दिनक्रमातून हळूहळू गळून पडलं.

"माझा हात कधी येणार, ते सांग," बाईंनी त्या दिवशी प्रणोतीला थेट विचारलं.

प्रणोतीने आजूबाजूला पाहिलं आणि स्टूल जवळ ओढलं. "खरं सांगू? मेंदूतला मेलेला भाग परत येत नाही. पण शेजारच्या पेशी त्याचं काम उचलू शकतात. फक्त त्यांना ते पुन्हापुन्हा मागावं लागतं. पहिले काही महिने मेंदू फार ऐकतो. नंतर ऐकेनासा होतो. आणि तेवढ्यात हात वापरला नाही, तर हाताची तिथली जागा दुसरी कामं बळकावतात. रिकाम्या प्लॉटवर शेजारी म्हशी बांधतो ना, तसं."

"म्हणजे आत्ता म्हशी बांधायला सुरुवात झालीय."

"झालीय. उन्हाळ्यापर्यंत वेळ आहे फार तर."

"मग उपाय?"

"जुना आहे. चांगला हात बांधून ठेवायचा आणि दुबळ्या हाताला सगळं करायला लावायचं. जेवण, बटणं, सगळं. माणसं रडतात, चिडतात, ताट फेकतात. पण हात येतो. बऱ्याच जणांचा येतो." तिने खांदे उडवले. "इथं करता येत नाही. पाच मिनिटांत लाल होतं सगळं."

*

केतकी दर दुसऱ्या रविवारी यायची. आल्यावर आधी फोन बघायची, मग आईकडे.

"ब्याऐंशी! आई, किती छान."

मायलेकींचं कधी पटलं नव्हतं. केतकी लहानपणी रडली की बाई म्हणायच्या, आधी उठून उभी राहा, मग रड. केतकी बँकेत लागली तेव्हा म्हणाल्या, खुर्ची मिळाली, आता पाय गेले. गेल्या दोन महिन्यांत मात्र एकदाही भांडण झालं नव्हतं. आई हसून बोलायची. जेवलीस का विचारायची. केतकी परत जाताना गाडीत आनंदाने रडायची.

"तू रोज फोन करतेस ते बरं वाटतं गं," बाई त्या रविवारी म्हणाल्या. "दुपारी नुसता आवाज ऐकला तरी..."

केतकी फोनमध्ये बघत राहिली.

"काय झालं?"

"काही नाही."

"केतकी, वर बघ."

पंचावन्न मुलींमधून खोटं बोलणारी नेमकी हुडकणारे डोळे होते ते. केतकीने मान खाली घातली. "मी रोज नाही करत, आई. पलंग करतो. माझ्या आवाजाने तुझा तोषांक वर जातो, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं, जुन्या फोनवरचा आवाज वापरू का. मी हो म्हटलं. कामाच्या दिवशी दुपारी मला खरंच जमत नाही गं."

बाईंच्या डोळ्यांसमोरून त्या सगळ्या दुपारी सरकत गेल्या. 'आई, बरं वाटतंय ना?' 'आई, जेवलीस?' त्यांनी त्या आवाजाला काय काय सांगितलं होतं! केतकीच्या वडिलांची आठवण. तिच्या लग्नात बोललेल्या वाकड्या शब्दाची माफी. जन्मात कुणापुढे उच्चारलं नव्हतं ते सगळं त्यांनी एका पलंगाला सांगितलं होतं.

"ते... तुला ऐकू आलं?"

"काय?"

"काही नाही!" बाईंनी डाव्या हाताने पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. "काढ ही पट्टी! आत्ता काढ! मला घरी ने!"

फोन लाल झाला. दिवे मंद झाले, बासरी सुरू झाली, आणि दाराशी व्यवस्थापक देशमाने उभे राहिले. गोड, घोटीव माणूस. त्यांनी केतकीला बाहेर नेऊन समजावलं की आईंना हल्ली असे झटके येतात. लाल दिवस गेला तर संध्याकाळी एक सौम्य गोळी देता येईल, पालक म्हणून तुमची फक्त संमती हवी. केतकीने भिंतीवरून ओघळणारं पाणी पाहिलं आणि संमती दिली.

पट्टी नाकारण्याचा हक्क बाईंना होता. पण नियम असा होता की नकार शुद्धीतला हवा, आणि शुद्धीतला म्हणजे हिरव्यातला. लाल असताना माणसाचा निर्णय ग्राह्य नाही. बाईंनी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा देशमान्यांसमोर बसून त्या अगदी हळू म्हणाल्या, "मला ही पट्टी नको." तेवढ्याने अडुसष्ट. देशमाने म्हणाले, "का बरं नको, आई?" त्या 'आई'ने एकोणचाळीस. दुसऱ्या वेळी त्या खोलीबाहेरच लाल झाल्या. तिसऱ्या वेळी डोळे मिटून देवाचं नाव घेत बसल्या, पण डोळे उघडल्यावर समोर देशमाने होतेच.

"तुम्हाला साधं शांतपणे 'नको' म्हणता येईना?" समोरच्या खोलीतले मुल्लाचाचा विचारायचे. इस्माईल मुल्ला, एसटीतले निवृत्त चालक. त्यांची डावी बाजू गेली होती.

"पंचाशी शांतपणे बोलायची सवय नाही मला."

"मग गोळी खा आणि हसा. मी हसतोय बघा. पंचाण्णव! अख्ख्या वॉर्डात पहिला नंबर."

"तुमचा हात कसा आहे?"

चाचांचं हसू तसंच राहिलं. त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून दाखवला आणि सोडून दिला. तो मांडीवर पडला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. "आलो तेव्हा मूठ वळत होती," ते म्हणाले. "आता गोळीचा स्पीड गव्हर्नर लावलाय, वेगाला लगाम. गाडी झकास चालते, बाई. फक्त घाट चढत नाही."

*

गोळीचे दिवस मऊ गेले. सकाळ होई, संध्याकाळ होई. केतकीचा खरा फोन आला की पलंगाचा, हे विचारायचंही राहून जाई. मग एका दुपारी बाईंनी ताटातल्या भाताकडे पाहिलं. उजवा हात भाताच्या कडेला पडला होता, करंगळी गरम आमटीत बुडाली होती आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. त्या हाताकडे बघत राहिल्या. आतून कुणीतरी ओरडायला हवं होतं. कुणी ओरडलं नाही. त्या शांततेची त्यांना जी भीती वाटली, तशी पक्षाघाताचा झटका आला तेव्हाही वाटली नव्हती.

त्या दिवसापासून त्यांनी चिडणं बंद केलं. निदान चेहऱ्याने.

"एकटी लाल झाले की काय होतं?" त्यांनी प्रणोतीला विचारलं.

"गोळी."

"आणि सगळेच झाले तर?"

प्रणोती त्यांचा पाय गुडघ्यात दुमडत, सरळ करत होती. ती थांबली नाही. पायाकडेच बघत म्हणाली, "एक लाल झाला तर तो पेशंटचा आजार. निम्म्याहून जास्त वॉर्ड एकाच वेळी लाल झाला तर तो केंद्राचा. आग, मारहाण, विषबाधा असं काही असेल, म्हणून मंडळाला त्याच दिवशी जिवंत माणूस पाठवावा लागतो. साताऱ्याहून." मग तिने वर पाहिलं. "मी फक्त नियम सांगितला."

"मी फक्त ऐकला," बाई म्हणाल्या.

पुढचा आठवडा त्यांनी संघ निवडण्यात घालवला. व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसून एकेकाला न्याहाळत. कुणाचा दम टिकेल, कुणाचा खांदा जपायला हवा, कोण ऐनवेळी कच खाईल, कोण चिडवलं की पेटेल. आणि गंमत अशी, की त्या आठवड्यात त्यांचा तोषांक एकदाही नव्वदच्या खाली आला नाही. देशमान्यांनी केतकीला अभिनंदनाचा निरोप पाठवला.

सोमवारी सकाळी, नाश्त्याची ताटं उचलल्यावर, व्हरांड्यात चौदा खुर्च्या समोरासमोर लागल्या. मधोमध प्रणोतीने जखमेवर बांधायच्या पट्टीची लांब रेघ ओढली. मग तिने प्रत्येकाचा चांगला हात पंच्याने खुर्चीला सैलसर बांधला. नोकरी आज गेली तर घरी काय सांगायचं, हे तिने ठरवलं नव्हतं.

"ऐका!" बाईंचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. "हुतुतू सगळ्यांनी खेळलाय. एक दम घ्यायचा, हुतुतू म्हणत रेघेपलीकडे आपल्या दुबळ्या हाताने समोरच्याला शिवायचं. दम तुटला की बाद. समोरच्याने आपला दुबळा हात मागं घ्यायचा. छाती भरून आली, चक्कर आली, तर लगेच थांबायचं, प्रणोती बघतेय. पण नुसतं दुखलं म्हणून थांबलात तर मी आहे."

"आणि फाऊल?" मुल्लाचाचांनी विचारलं.

"फाऊल म्हणजे हसून पंचाण्णव दाखवणं."

पहिली चढाई चाचांचीच. प्रणोतीने त्यांची खुर्ची रेघेशी नेली. चाचांनी दम घेतला. "हुतुतूतूतूतू..." डावा हात मांडीवरून हललाच नाही. समोरून कुणीतरी ओरडलं, "ब्रेक लागला काय ओ डायव्हर?" चाचांचा चेहरा तांबडा झाला, मानेची शीर फुगली, आणि तो हात मांडीवर एक वीत घसरत पुढे आला. तिथेच दम तुटला.

"बाद!" बाई गरजल्या.

"बाद कसा? शिवला की!"

"हवा शिवली तुम्ही! मागं घ्या गाडी!"

"ही पंचगिरी आहे की दरोडा?"

चाचा लाल. समोरचा लाल. टोमणा मारणारा लाल. वादात पडलेले तिघे लाल. मिनिटभरात भिंतीवरच्या फलकावर एकेक हिरवा चौकोन विझत गेला. छतातून बासरी सुरू झाली, पण ती कुणाला ऐकू येत नव्हती. यंत्राला घाम दिसत होता, कॉर्टिसॉल दिसत होतं, धडधडती हृदयं दिसत होती. मार खाणाऱ्या माणसाचं आणि खेळणाऱ्या माणसाचं शरीर बरंचसं सारखंच बोलतं. फरक ओळखायला तिथे येऊन बघावं लागतं.

देशमाने धावत आले. "आई, हे काय? काका, थांबा! प्रणोती, तू...!"

"रेघेच्या बाहेर!" बाई ओरडल्या. "खेळ चालू असताना मैदानात यायचं नाही!"

*

तपासनीस निनाद घोरपडे साताऱ्याहून आला तो अग्निशामक दलाला सांगूनच. तिशीतला तरुण. आजवर त्याने केंद्रं पडद्यावरच पाहिली होती. तो व्हरांड्याच्या दारात उभा राहिला. हात बांधलेली चौदा म्हातारी माणसं घामाने भिजली होती, एकमेकांवर ओरडत होती, आणि एक बाई रडत होती. तिच्या दुबळ्या हाताची बोटं नुकतीच रेघेपलीकडच्या गुडघ्याला लागली होती.

"यांचे हात कुणी बांधले?"

"आम्ही बांधून घेतले," साळुंखेबाई म्हणाल्या. "बसा. चहा मागवू?"

"आजी, तुम्हाला त्रास होतोय का?"

"होतोय. भरपूर."

"मग हे थांबवायला हवं."

"त्रास थांबवायला हात थांबवलात. तीन महिने थांबवलात. हा बघा." त्यांनी उजवा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला. तो थरथरत, डगमगत छातीपर्यंत आला. "परवापर्यंत आमटीत पडला तरी कळत नव्हतं."

घोरपडेने टॅबलेट उघडला, मग अवघडून म्हणाला, "लाल वॉर्डसाठी मला एकच शेरा देता येतो. रुग्णांची हेळसांड."

"तोच द्या!" बाई म्हणाल्या. "खोटं काय आहे त्यात? मऊ गादीवर, बासरी लावून, आमची हेळसांड झाली. माणसाला त्याच्या हाताशिवाय सुखात ठेवलं. द्या ना शेरा!"

"श्रेणी जाईल," देशमाने कळवळून म्हणाले. "ड मिळेल. ड!"

"मला दहावीला तेवढीच होती," मुल्लाचाचा म्हणाले. "एसटीनं घेतलं तरी."

घोरपडेला हसू आलं आणि ते त्याने गिळलं नाही. पण मग तो गंभीर झाला. "शेरा मी देतो. बांधलेले हात मात्र तसे ठेवता येत नाहीत. तुम्ही आत्ता एकतीसवर आहात, आजी. नियमाने तुमचा शब्द चालत नाही. पालकांनी हो म्हटलं तरच."

"कसले पालक? हिची पालक मी!" बाई दाराकडे बघत गरजल्या.

दारात केतकी उभी होती. फोनवर लाल दिसल्याबरोबर ती निघाली होती. केस सुटलेले, हातात गाडीची किल्ली.

बाईंनी मुलीकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना दम अपुरा वाटला. ही आत्ता नाही म्हणाली की संपलं. हिरव्या गादीवर उन्हाळा जाईल, आणि मग हात मागूनही मेंदू द्यायचा नाही.

"आई, तू पडली असतीस तर?" केतकीचा आवाज चिरकला. "मला वाटलं तू... अडीच तास मी गाडीत काय काय विचार केला, कळतंय तुला?"

"फोन करायचा."

"तू उचलला असतास? तू मेली असतीस तरी म्हणाली असतीस, आधी उठून उभी राहा!" ती सगळ्यांसमोर ओरडत होती. "मला ती आवडायला लागली होती, आई. ती शांत बसणारी. जेवलीस का विचारणारी. जन्मात पहिल्यांदा मला तुझी भीती वाटत नव्हती!"

फलकावरचा बाईंचा चौकोन गडद लाल होता.

"त्या बाईने तुझी माफी मागितली होती," त्या म्हणाल्या. जीभ जड झाली, शब्द घसरले, त्यांनी ते परत पकडले. "लग्नात बोलले त्याची. पण पलंगापाशी मागितली. तुझ्यापाशी मागायला मीच लागेन. अशी. लाल."

"माग मग."

"चुकलं माझं."

"बास? एवढंच?"

"सगळ्यांसमोर एवढंच. उरलेलं जेवताना. उजव्या हाताने जेवणार आहे मी, तेव्हा वेळ भरपूर लागेल."

केतकीने बाहीने नाक पुसलं. ती घोरपडेकडे वळली. "मी पालक. माझं हो आहे. हात बांधलेले राहू द्या." मग देशमान्यांकडे. "आणि माझा आवाज पुसून टाका. आज."

तिने किल्ली खिडकीत ठेवली, भिंतीकडेची एक रिकामी खुर्ची समोरच्या रांगेत रेघेपाशी ओढली आणि आईच्या समोर बसली. हात मांडीवर ठेवून पुढे वाकली.

"आता काय?" बाई म्हणाल्या.

"चढाई कुणाची आहे?"

"माझी."

"मग ये की. आणि मी हात मागं घेणार आहे, सांगून ठेवते. सूट मिळणार नाही."

"मागितलीय कुणी?"

प्रणोतीने खुर्ची रेघेला लावली. घोरपडे, तपासनीस, भिंतीला टेकून बघत उभा राहिला. हेमलता साळुंखेंनी उजवा हात दांडीवरून उचलला, छाती भरून दम घेतला आणि लेकीच्या हातावर नजर रोखून त्या रेघेपलीकडे झुकल्या.

"हुतुतूतूतूतूतू..."